नाकेदार गेले, नाका राहिला

युरोपात आता सीमा राहिलेल्या नाहीत, ही बातमी महाराष्ट्रात पोहोचून तीस वर्षं झाली. तरी तिकडे जाऊन आलेला प्रत्येक जण ती नव्याने आणतो. "फ्रान्समधून बेल्जियममध्ये कधी शिरलो, कळलंसुद्धा नाही हो!" हे त्याने डोळे मोठे करून सांगायचं आणि ऐकणाऱ्याने "नाहीतर आपल्याकडे!" म्हणून उसासा टाकायचा, असा रिवाज आहे. वाक्य खोटं नाही. फक्त ते प्रवास संपल्यानंतरचं आहे. प्रवासाआधीचे चार महिने ज्याने घरात काढले आहेत, त्याला सीमा कुठे गेल्या ते नेमकं ठाऊक असतं. त्या जमिनीवरून उठल्या आणि जेवणाच्या टेबलावर येऊन बसल्या.

इंग्लंडातलं कुठलंही मराठी कुटुंब घ्या. चिरंजीव रेडिंगला आयटीत, सूनबाई तिथल्याच इस्पितळात, नातू शाळेत आणि उन्हाळ्यासाठी पुण्याहून येऊ घातलेले आजी-आजोबा. आजोबा राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले, म्हणजे फाईल लावणं, पेन्सिलने खूण करणं आणि दुसऱ्याच्या अर्जातली चूक काढणं या तिन्ही कलांत पारंगत. बेत असा, की स्वतःच्या गाडीने डोव्हर गाठायचं, फेरीबोटीने इंग्लिश खाडी ओलांडून कॅलेला उतरायचं आणि तिथून पंधरा दिवसांत युरोप. कुठला युरोप, हे मागाहून ठरेल. चिरंजीवांनी एक्सेल शीट केली, आजोबांनी ती छापून मागवली आणि सीमा नसलेल्या खंडाचं काम सुरू झालं.

या खंडाच्या सीमा पुसायचं पहिलं काम बोटीवरच झालं होतं. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या खेड्यापाशी, मोझेल नदीतल्या 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' या बोटीवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी करारावर सह्या केल्या. प्रत्यक्षात नाके उठायला १९९५चा मार्च उजाडला. आज या मंडळात २९ देश आहेत. ब्रिटन त्यात कधीच नव्हता, आणि २०२० साली तो युरोपीय संघातूनही बाहेर पडला. बाहेर पडल्याच्या आनंदात त्याने पासपोर्ट निळा केला. तो निळा पासपोर्ट छापायचं कंत्राट गेलं फ्रेंच मालकीच्या कंपनीकडे, आणि छपाई पोलंडात. स्वातंत्र्य घ्यावं, पण टेंडर सर्वांत कमी दराचंच उघडावं, हे धोरण आजोबांना मनापासून पटलं.

आता गाडीत बसणारी माणसं पाच, पण युरोपच्या दृष्टीने ती तीन जातींची. चिरंजीव आणि नातू ब्रिटिश नागरिक. त्यांना व्हिसा नको, फक्त कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून जास्त मुक्काम नको. सूनबाईंचा पासपोर्ट भारतीय, वास्तव्य ब्रिटनमध्ये कायमचं. ब्रिटन संघात होता तेव्हा ब्रिटिश नवऱ्याबरोबर फ्रान्सला जाताना त्यांना व्हिसाची फी माफ होती. आता नवरा तोच, बायको तीच, फी ९० युरो. वास्तव्याचा पुरावा म्हणून पूर्वी एक कार्ड असायचं. २०२४च्या अखेरीस ती कार्डं बाद झाली आणि परवानगी ऑनलाइन गेली. त्यामुळे सूनबाई ब्रिटनमध्ये राहतात याला आता त्या स्वतः आणि एक पासवर्ड एवढेच साक्षीदार उरले.

तिसरी जात आजी-आजोबांची. त्यांच्याकडे ब्रिटनचा पर्यटक व्हिसा आहे, पण तो खाडीच्या अलीकडेच संपतो. शेंगेनचा अर्ज साधारणपणे राहत्या देशातूनच करायचा असतो, तेव्हा "आधी रेडिंगला या, मग निवांत ठरवू" ही सोय नाही. शिवाय अर्ज कुणाकडे करायचा यालाही शास्त्र आहे. ज्या देशात जास्त मुक्काम, त्या देशाच्या वकिलातीकडे. मुक्काम समसमान असतील, तर ज्या देशातून पहिला प्रवेश, त्याच्याकडे. आजोबांनी रात्री मोजल्या. फ्रान्स चार, स्वित्झर्लंड चार, प्रवेश कॅलेतून, म्हणजे अर्ज फ्रान्सकडे. फाईल लागली. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "बर्फापर्यंत जायचं आणि लगेच उतरायचं? एक रात्र वाढवा." आजींच्या या एका वाक्याने संपूर्ण प्रकरण फ्रेंच वकिलातीतून उठून स्विस वकिलातीत गेलं. चिरंजीवांनी ऑस्ट्रियाची एक रात्र कापून फ्रान्सला दिली आणि ते परत आणलं. युरोपातल्या दोन राष्ट्रांमध्ये एवढ्या सहजपणे मध्यस्थी करणारी बाई अलीकडच्या काळात दुसरी झालेली नाही.

बाकीचे कागद सरळ होते. राहण्याची आरक्षणं, निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचा उतारा, आयकराचं विवरण. आरक्षणाशिवाय व्हिसा नाही आणि व्हिसाशिवाय आरक्षणाला अर्थ नाही, म्हणून फुकट रद्द करता येतील अशी हॉटेलं घ्यायची आणि आयुष्यात एकदा तरी ती रद्द करायला विसरायचं, ही तिकडची प्रथा आहे. खरा प्रश्न शेवटी येतो, तो असा, की हा माणूस परत जाईल ना? पन्नास वर्षं एकाच वाण्याकडून किराणा भरणाऱ्या गृहस्थांविषयी फ्रान्सला ही धास्ती वाटते. आजोबांनी पेन्शनचा कागद जोडला, मुदत ठेवींच्या पावत्या जोडल्या आणि वर सोसायटीच्या पुनर्विकासाचा करारनामा लावला. बिल्डरने ताब्याची तारीख दिलेली असताना कुठला पुणेकर परदेशात राहील? व्हिसा मिळाला.

मग मार्ग. मराठी पर्यटनात स्थळं मोजत नाहीत, देश मोजतात. ब्रुझमधले कालवे पाहायला दोन तास पुरतात, पण 'बेल्जियम झालं' म्हणायला पेट्रोल पंपावरचा चहाही चालतो. या हिशेबाने लिख्टेनश्टाइन फार किफायतशीर पडतो. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, गर्दी नाही, आणि देश मात्र अख्खा एक. आजोबांनी तो पेन्सिलने लगेच घातला. नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या हद्दीवर बार्ले नावाचं गाव आहे. तिथे सीमा घरांमधून जाते, आणि घराचं पुढचं दार ज्या देशात, तो त्या घराचा देश, असा रिवाज आहे. एका सोफ्यावर दोन देश होतात हे कळल्यावर ते गावही यादीत आलं. स्वित्झर्लंडमध्ये टिटलिस ठरलेलंच. तिथे बर्फात शाहरुख आणि काजोल यांचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा आहे. साता समुद्रापार जाऊन आपल्याकडच्याच माणसांशेजारी उभं राहून फोटो काढल्याशिवाय आल्प्स पाहिल्यासारखा वाटत नाही.

आजोबांची मागणी एकच होती आणि तिला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं: मार्सेलिस. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून तिथेच उडी घेतली, पोहत फ्रान्सचा किनारा गाठला आणि तिथल्या पोलिसाने त्यांना पुन्हा ब्रिटिश पहारेकऱ्यांच्या हवाली केलं. फ्रान्सच्या भूमीवर ब्रिटिशांचा हुकूम चालतो का, यावर दोन्ही राष्ट्रं भांडली, प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं आणि २४ फेब्रुवारी १९११ला निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. आज या भांडणाचं कारणच उरलेलं नाही. २००३च्या ल तुके करारानुसार फ्रान्सचे पोलीस डोव्हरमध्ये, इंग्लंडच्या भूमीवर, पासपोर्ट तपासतात आणि ब्रिटनचे अधिकारी कॅलेत, फ्रान्सच्या भूमीवर. ज्या गोष्टीसाठी १९१०मध्ये आंतरराष्ट्रीय खटला उभा राहिला, ती आता दोघे सोयीसाठी रोज करतात. आजोबा हे सांगत असताना चिरंजीव नकाशात बघत होते. कॅले ते मार्सेलिस हजार किलोमीटरच्या वर भरतं, आणि ते टिटलिसच्या वाटेवर कुठल्याच बाजूने येत नाही.

यानंतर सुरू झालं गाडीचं प्रकरण. गाडीला व्हिसा लागत नाही, पण तिला कपाळभर टिळे लागतात. मागे 'यूके' असं स्टिकर हवं. जुनं 'जीबी' चालत नाही, ते २८ सप्टेंबर २०२१पासून बाद आहे. इंग्लंडच्या गाडीचे दिवे डाव्या कडेला झुकलेले असतात, समोरून येणाऱ्या फ्रेंच माणसाच्या डोळ्यांत ते जातात, म्हणून दिव्यांवर स्टिकर. जर्मनीत कित्येक शहरांच्या मध्यभागी शिरायला हिरवं गोल स्टिकर, त्यावर ४ हा आकडा. फ्रान्सचं क्रिट-एअर वेगळं, त्यात धुराप्रमाणे गाड्यांची ० ते ५ अशी प्रतवारी. ब्रसेल्स, अँटवर्प आणि घेंटमध्ये स्टिकर नाही म्हणून हायसं वाटतं, तर तिथे परदेशी गाडीची आधी ऑनलाइन नोंदणी करायची आणि उरलेलं काम कॅमेरा बघतो.

महामार्गाचं भाडं हा आणखी एक अध्याय. स्वित्झर्लंडचं विन्येट, म्हणजे काचेवरचा टोलपास, ४० फ्रँकचं आणि फक्त वर्षाचं. दोन दिवसांसाठी गेलात तरी वर्षाचंच. ते आदल्या १ डिसेंबरपासून पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत, म्हणजे चौदा महिने चालतं, हे वाचल्यापासून आजोबा अस्वस्थ आहेत. जुलैत घेतल्यामुळे मागचे सात महिने वाया गेले, असं त्यांनी शीटमध्ये लाल अक्षरांत नोंदवून ठेवलं आहे. ऑस्ट्रियाचं विन्येट दहा दिवसांचं मिळतं, पण ब्रेनर खिंडीच्या महामार्गाला ते चालत नाही, तिथे निराळा टोल. जर्मनीला मोटारींना टोल लावायची फार इच्छा होती. त्याचा भार व्यवहारात परदेशी गाड्यांवरच पडणार, अशी तक्रार घेऊन ऑस्ट्रिया युरोपीय न्यायालयात गेला आणि २०१९ साली जर्मनीची योजना रद्द झाली. स्वतः विन्येट विकणाऱ्याने शेजाऱ्याच्या टोलविरुद्ध दावा लावून जिंकणं, हे पाहून युरोप आणि आपली सोसायटी यांत फार अंतर नसल्याची आजोबांची खात्री पटली.

या सगळ्यापुढे फेरीबोट म्हणजे विश्रांती. खाडीखालच्या बोगद्यातून पस्तीस मिनिटांत पलीकडे जाता येतं, पण आजोबांनी तो नाकारला, कारण समुद्राखालून गेल्यावर समुद्र ओलांडला असं म्हणता येत नाही. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवलेल्या माणसाला डोव्हर ते कॅलेच्या दीड तासाचं ते काय! पण तिथे तिकीट गाडीच्या मापावर असतं. टपावर बांधलेली सामानाची पेटी धरून उंची किती, हे आगाऊ कळवावं लागतं. गाडी खालच्या डेकवर ठेवून सगळ्यांनी वर जायचं, बोट चालू असताना खाली उतरायचं नाही. आजींना हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, "तुम्ही जा वर, मी डब्यांपाशी बसते." शिवाय घड्याळ एक तास पुढे करायचं, म्हणजे दीड तासाची खाडी अडीच तासांची होते आणि आजोबांची रक्तदाबाची गोळी भर समुद्रात कुठल्या देशाच्या वेळेने घ्यायची, हा प्रश्न उभा राहतो.

त्यात सुट्टीचा हंगाम. एप्रिल २०२३मध्ये ईस्टरच्या तोंडावर डोव्हरला काही बसगाड्या चौदा-चौदा तास रांगेत होत्या. मिहीर सेन यांनी १९५८ साली ही खाडी १४ तास ४५ मिनिटांत पोहून पार केली होती. म्हणजे वेळ दोघांना जवळपास सारखाच, फक्त सेन पलीकडे पोहोचले होते. आता तर १२ ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने नवी पद्धत आली आहे. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो. बारा वर्षांखालच्या मुलांना ठसे माफ, म्हणून नातवाचा नुसता फोटो. आजोबांचे ठसे चार दशकं नोटा मोजून पुसट झालेले. फ्रान्सच्या यंत्राला ते वाचता येतील का, याची चिंता त्यांना सोडून सगळ्यांना आहे.

आता खाण्याकडे वळू, कारण प्रवास खरा तिथे ठरतो. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दूधदुभतं न्यायला बंदी आहे. २०२१च्या जानेवारीत नेदरलँड्सच्या बंदरावर एका ब्रिटिश ट्रकचालकाचं हॅम सँडविच जप्त झालं आणि ते टीव्हीवर साऱ्या जगाने पाहिलं. आपल्याकडे हॅमचा प्रश्न नाही, म्हणून सगळे निर्धास्त होते. मग यादी वाचली. तूप गेलं. चक्का गेला. पेढे गेले. ताजा भाजीपाला आणि फळं न्यायची तर वनस्पती-आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र हवं, म्हणून कढीपत्ताही गेला. त्या प्रमाणपत्रातून पाचच फळांना सूट आहे: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. आजींनी ती यादी पुन्हा वाचायला लावली. नारळ चालतो, केळी चालतात, खजूर चालतो. ब्रसेल्समध्ये बसलेल्या कुणीतरी सत्यनारायणाची अर्धी तयारी मंजूर केली आहे, आणि नेमका प्रसादाचा शिरा अडवला आहे. परतीच्या वाटेवर याचंच उट्टं निघतं. १२ एप्रिल २०२५पासून युरोपीय संघातलं मांस आणि दूधदुभतं ब्रिटनमध्ये आणता येत नाही. म्हणजे जाताना तूप खाडीच्या या काठावर संपवायचं आणि येताना चीज त्या काठावर.

भाजणी, मेतकूट आणि कुकर मात्र निघाले. कुकर विजेचा. ब्रिटनचा प्लग तीन चौकोनी पायांचा, फ्रान्स-जर्मनीत दोन गोल पायांचा, आणि ज्या स्वित्झर्लंडमध्ये एक रात्र वाढवली आहे त्याचा त्याहून निराळा. वरणभाताच्या वाटेत एवढे अडथळे अटकेपार जाताना राघोबादादांनाही आले नसतील.

गाडी चालवणं हा भाग किरकोळ. डावीकडून उजवीकडे जायचं, मैलांचे किलोमीटर करायचे, एवढंच. अडचण निघाली ती चौकात. इंग्लंडात गोल चौकाला घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळसा पडतो, म्हणजे शास्त्रशुद्ध प्रदक्षिणा. फ्रान्समध्ये ती उलटी. प्रवासाच्या पहिल्याच दिवशी उलटी प्रदक्षिणा आजींना पसंत नाही. पॅरिसमध्ये विजय कमानीभोवती बारा रस्ते येऊन मिळतात आणि आत असलेल्याने बाहेरून येणाऱ्याला वाट द्यायची असते. तिथे एकदा शिरलेला माणूस अकरा प्रदक्षिणा सहज घालू शकेल, त्याही उलट्या. म्हणून पॅरिस बाहेरूनच.

टोलचं काम आजोबांकडे. इंग्लंडच्या गाडीत चालक उजवीकडे बसतो आणि फ्रान्सचं टोलयंत्र डावीकडे येतं, म्हणून शेजारच्या माणसाने खिडकीतून हात काढून कार्ड लावायचं. आजोबांनी ही जबाबदारी आनंदाने घेतली, आणि दर ठिकाणी पावतीचं बटण दाबणारच असं जाहीर केलं. मागे गाड्यांची रांग लागेल, हॉर्न वाजतील, असं चिरंजीवांनी सांगून पाहिलं. "वाजू देत. व्हाउचर नसेल तर ऑडिटला काय दाखवणार?"

आपल्याकडे जकात गेली, मुंबईतलीही २०१७ साली गेली, पण बस आजही 'जकात नाका' पुकारूनच थांबते. युरोपाचंही तसंच झालं आहे. नाकेदार उठून गेला आणि नाका गाडीत येऊन बसला. स्वित्झर्लंडची सीमा काचेवर, बेल्जियमची कॅमेऱ्यात, फ्रान्सची इंग्लंडात. इटलीची तर टपालाने घरी येते. तिथल्या जुन्या शहरांत बंदी असलेल्या रस्त्यावर चुकून शिरलात, तर दंडाचं पत्र परदेशी माणसाला ३६० दिवसांपर्यंत धाडता येतं. फोटो अल्बममध्ये लावून झालेले असतात, तेव्हा ते येतं. आणि जिथे खरोखर काही राहिलं नव्हतं, त्या जर्मनीनेही १६ सप्टेंबर २०२४पासून आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली, तात्पुरती म्हणून. ज्यांनी भारतात 'तात्पुरती व्यवस्था' पाहिली आहे, त्यांना त्या शब्दाचं आयुष्य सांगायला नको.

खरी गंमत अशी, की पूर्वी हे काम करायला सरकार माणूस ठेवत असे. त्याला टोपी असे, पगार असे, आणि तो दिवसभर दुसऱ्यांच्या बॅगा उचकत बसे. आता ते काम प्रवाशाने स्वतःच स्वतःवर करायचं आहे. आपले दिवस आपणच मोजायचे, आपलं तूप आपणच पकडायचं, आपली गाडी किती धूर सोडते ते आपणच काचेवर लिहायचं, आणि वर त्याचे पैसेही आपणच भरायचे. निळा पासपोर्टवाला हे सगळं एका संध्याकाळी उरकतो. भारतीय पासपोर्टवाल्याला चार महिने, एक वकिलात आणि एक करारनामा लागतो. सीमा सगळ्यांसाठी पुसली, पण कुणासाठी किती, याची तिकडे वेगळी वही आहे.

युरोपला मात्र हा सौदा छान पडला. आजोबा आतापासूनच रोज रात्री सगळ्यांचे पासपोर्ट मागवून मोजतात, आजींच्या पिशव्या तपासतात, सूनबाईंच्या दह्याच्या विरजणाबद्दल त्यांनी लेखी खुलासा मागवला आहे. २९ देशांना एक पैसाही पगार न देता इतका कडक नाकेदार मिळाला. त्याला मुदतवाढ द्यायची की नाही, हे सूनबाईंच्या हातात आहे, आणि त्यांनी पुढच्या उन्हाळ्यासाठी विमानाची तिकिटं बघायला घेतली आहेत. तिघांचीच.